नाक उचलणारी गाडी

"सोड," मुनीर म्हणाला आणि मी क्लच सोडला.

गाडी पुढं जायच्या ऐवजी जागच्या जागी उड्या मारायला लागली. मागच्या सीटखाली कुणीतरी घण घालतंय असा आवाज यायला लागला. मी घाबरून पाय काढला. खाली उतरून पाहिलं तर डांबरावर टायरचे काळे पट्टे उमटले होते, पण सलग नाहीत. एक काळा, मग रिकामा, मग परत काळा.

मुनीर त्या पट्ट्यांजवळ उकिडवा बसला आणि हाताच्या वितीनं एकेक तुकडा मोजायला लागला. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "चाक फिरत नाही तुझं. चाक नाचतंय."

ही १९९७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. जागा शिरोलीच्या कारखान्यांमागचा एक रस्ता, वेळ शनिवारी भर दुपारची. मी तेवीस वर्षांचा होतो. मुनीर शिकलगार माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्या घरी तीन पिढ्या ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा, ठोकायचा धंदा. उद्यमनगरात त्याचं दुकान होतं आणि मी शेजारच्याच गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो. गाडी आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पांढरी काँटेसा. आण्णा, दिनकर अतिग्रे, बावीस वर्षं भाड्याची गाडी चालवत होते आणि ही गाडी त्यांनी खास लग्नांसाठी ठेवली होती. नवरा-नवरीला न्यायचं म्हणजे आण्णांचीच गाडी, असं आमच्या भागात चार-पाच गावांत तरी होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, एका साखर कारखान्याच्या खासगी धावपट्टीवर गाड्यांची शर्यत होती. वळणं नाहीत, काही नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि चारशे मीटरवर कोण आधी पोचतो ते बघायचं. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा गट होता. मी आण्णांना न विचारता नाव दिलं होतं. गाडी दोन दिवस सर्व्हिसिंगला ठेवतो, एवढंच त्यांना सांगितलं होतं. पुढचं लग्न बुधवारी होतं. सोमवारी सगळं पूर्ववत करून गाडी दारात उभी करायची, असा माझा हिशेब.

इंजिनाचं काम मी महिनाभर रोज संध्याकाळी थोडं थोडं करून चोख केलं होतं. ताकद होती. पण ती ताकद रस्त्याला पोचत नव्हती, हे त्या शनिवारी कळलं.

मुनीरनं गाडी दुकानात खड्ड्यावर घ्यायला लावली. मागच्या पाट्यांवर हात फिरवत त्यानं मला समजावलं. मी क्लच एकदम सोडला की मागचा अॅक्सल फिरायला बघतो, त्याच्याबरोबर पाटा पीळ खातो, वाकतो आणि मग सुटून सरळ होतो. तो सरळ होताना चाक जमिनीवरून उचललं जातं. परत टेकतं, परत पीळ. ट्रकमध्ये असलं काही होत नाही, कारण ट्रकवाला असा वेड्यासारखा क्लच सोडत नाही, असंही तो म्हणाला.

त्यानं पाट्यांचा पुढचा अर्धा भाग लोखंडी पट्ट्यांनी आवळून बांधला, म्हणजे तेवढा भाग वाकणारच नाही. मागचा अर्धा मोकळा ठेवला. मग त्यानं मला पुढं घेतलं.

"आता नाकाकडं बघ. गाडी सुटताना नाक वर उचललं पाहिजे. नाक उचललं की वजन मागं बसतं आणि चाक जमीन धरतं. तुझं नाक तर दाबून बांधल्यासारखं झालंय."

म्हणून पुढचे चांगले शॉकअप काढले. माझ्या गॅरेजच्या भंगारात पडलेले, तेल गेलेले दोन जुने शॉकअप बसवले, हातानं ओढले तरी लांबणारे. पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारा आडवा दांडा असतो, स्टॅबिलायझर. वळणावर गाडी एका अंगावर झुकू नये म्हणून तो असतो. त्याचे दोन्हीकडचे बोल्ट काढून तो मोकळा केला, म्हणजे नाक आणखी सहज उठेल. शेवटी मुनीरनं मागच्या उजव्या बाजूला एक आखूड पाटा जादा घातला. सुटताना इंजिनाच्या पिळानं उजवं चाक हलकं होतं, त्याला खालून रेटा हवा होता.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही परत त्या रस्त्यावर गेलो. मी क्लच सोडला. बॉनेट एकदम माझ्या डोळ्यांसमोर वर आलं, मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी निघाली. पट्टे सलग उमटले होते. मुनीर त्यांच्याकडं बघत उभा होता. हसला नाही. मी गाडी फिरवून आणली तेव्हा म्हणाला, "वळताना किती झोकांडी खाल्ली बघितलीस? ही आता फक्त सरळ जायची गाडी झाली. उद्या शर्यत झाली की परवा पहिलं काम हे सोडवायचं. तोवर कुणाच्या हातात द्यायची नाही."

मी हो म्हणालो.

शर्यतीचं फार सांगत नाही. आमच्या गटात चौदा गाड्या होत्या. काही जणांच्या गाड्या माझ्यापेक्षा कितीतरी महाग, काहींनी पुण्याहून मेकॅनिक आणले होते. पहिले साठ फूट किती वेळात कापले ते तिथं वेगळं सांगायचे आणि त्यात आमची गाडी दिवसभर सगळ्यांत वर राहिली. पुढं पुढं मोठ्या इंजिनाच्या गाड्या मला गाठायच्या, पण सुटताना कुणी गाठलं नाही. टायरमधली हवा थोडी कमी करून मुनीरनं तिसऱ्या फेरीत ती वेळ आणखी खाली आणली. मी तिसरा आलो. लाऊडस्पीकरवर माझं नाव चुकीचं पुकारलं, उमाकांतचं रमाकांत केलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. पुण्याचे दोन मेकॅनिक गाडीखाली वाकून बघून गेले आणि हे पाटे कुणी बांधले म्हणून विचारत होते. मुनीर तेव्हा मात्र हसला.

परत येताना मी अगदी सावकाश आलो. मुनीरला त्याच्या गल्लीत सोडलं. काढलेले शॉकअप, बोल्ट सगळं त्याच्या दुकानात कुलपाआड होतं. उद्या सकाळी नऊला ये, म्हणाला. रविवारी गॅरेजला कुलूप होतं, म्हणून गाडी रात्रीपुरती घरी नेली.

घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते. आईनं ताटं घेतली होती आणि आण्णा पाटावर बसले होते. आई म्हणाली, "बरं झालं गाडी आणलीस. पहाटे आण्णांना लग्नाच्या भाड्याची वर्दी आहे."

कळे गावच्या सरनोबतांचा मुलगा, लग्न खाली कोकणात वैभववाडीच्या पुढं. त्यांनी ठरवलेल्या गाडीचा ड्रायव्हर तापानं आडवा झाला होता. दुपारी माणूस येऊन आण्णांच्या पाया पडायचा बाकी राहिला होता. आण्णांनी हो म्हटलं होतं. साडेपाचला निघायचं, कळ्याहून नवरदेवाला घ्यायचं आणि गगनबावड्याचा घाट उतरायचा.

मी हात धुऊन आण्णांच्या समोर बसलो. आण्णा जेवताना फारसं बोलत नसत. भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी विचारलं,

"सर्व्हिसिंग झालं?"

"झालं."

"ब्रेक बघितलास?"

"बघितलं."

ब्रेक मी खरंच बघितले होते. तेवढ्याच खऱ्याला धरून मी बसलो. जेवण झाल्यावर ते ओसरीवर जाऊन पडले. पहाटे निघायचं असलं की ते आठलाच पडायचे. मी माडीवर गेलो. माझ्या अंथरुणापासून त्यांच्या खाटेपर्यंत नऊ पायऱ्या आणि चार पावलं होती. खाली जायचं आणि म्हणायचं, आण्णा, ही गाडी घाटात नेऊ नका. एवढंच. पण मग का, हे सांगावं लागलं असतं. त्यांच्या लग्नाच्या गाडीनं मी शर्यत खेळलो, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं मला होईना. मी स्वतःला समजावलं की चारला उठायचं, मुनीरला उठवायचं आणि ते निघायच्या आत शॉकअप तरी बदलायचे. घड्याळाला गजर लावला. शनिवारपासून धड झोपलो नव्हतो. गजर वाजला असणार. मला ऐकू आला नाही.

जाग आली ती उन्हानं. साडेसहा. खाली अंगणात गाडी नव्हती. गाडी धुतल्याच्या पाण्याचा ओघळ अजून ओला होता. आई म्हणाली, ते कधीच गेले, तुला हाक मारली होती त्यांनी, पण तू उठला नाहीस म्हणून म्हणाले झोपू दे, दमलाय.

मुनीरला घेऊन आण्णांच्या मागं जातो, एवढं आईला ओरडून सांगत मी तसाच पायात चप्पल अडकवून मुनीरच्या घरी पळालो. तो चहा पीत होता. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण त्याचा चेहरा आठवतो. त्यानं कप ठेवला आणि दुकानाची किल्ली घेतली. शॉकअप, बोल्ट, पाने, जॅक, सगळं एका पोत्यात भरलं आणि पोतं मांडीवर घेऊन तो त्याच्या मोटरसायकलवर माझ्यामागं बसला.

कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर. आण्णा तासभर पुढं होते. म्हणजे आम्ही कितीही जोरात गेलो तरी ते आमच्या आधी घाटाच्या तोंडाशी पोचणार आणि उतरायला लागणार. मुनीर मागून एवढंच सारखं म्हणत होता की तुझ्या बापाला गाडी कळते, ते हळू घेतील. मी मात्र डोळ्यांपुढं घाट बघत होतो. उताराला ब्रेक दाबला की नाक खाली जाणार. ढिले शॉकअप ते सावरणार नाहीत. तेवढ्यात वळण आलं की सगळी गाडी एका अंगावर जाणार, आणि ती कलली की धरून ठेवणारा दांडा आम्ही दोघांनी आमच्या हातांनी सोडलेला. शिवाय डावीकडं वळताना एक आणि उजवीकडं वळताना दुसरंच, कारण मागं एका बाजूला जादा पाटा. गाडीत नवरदेव, त्याची करवली म्हणजे लहानशी पोर असणार, आणि कुणी तरी वडीलधारं माणूस.

साळवणच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला माणसं जमली होती आणि सगळे खाली ओढ्याकडं बघत होते. माझे हात ब्रेकवर आवळले गेले. गाडी थांबली तरी मला मान वळवून बघवेना. मुनीर उतरून बघून आला. एका शेतकऱ्याची म्हैस चिखलात रुतली होती. "चल," तो म्हणाला, आणि परत पोतं घेऊन बसला.

गगनबावड्यात शिरलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. गाव संपतं आणि रस्ता उतरायला लागतो त्या वळणाच्या अलीकडं एक चहाचं हॉटेल होतं. आणि त्या हॉटेलासमोर, झेंडूच्या माळा लावलेली, पांढरी, आमची काँटेसा उभी होती. चारी चाकांना दगड लावलेले. शेजारी लाकडी स्टुलावर आण्णा बसले होते. हातात चहाचा ग्लास होता.

मी मोटरसायकल स्टँडला लावायची विसरलो. मुनीरनं धरली म्हणून पडली नाही. मी रस्त्यातच उभा होतो आणि मला आण्णांकडं जाता येईना. एकाएकी रडू आलं. लोक बघत होते, नवरदेव फेटा बांधून बाकावर बसलेला, शेजारी हातात करा घेतलेली सात-आठ वर्षांची करवली, आणि दोघांच्या मध्ये नऊवारीतल्या एक ठेंगण्या आत्याबाई, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता.

आण्णांनी ग्लास खाली ठेवला. उठून माझ्यापाशी आले.

"काय काय सोडलंस?"

एवढंच विचारलं. मी डोळे पुसून सांगत गेलो. पुढचे शॉकअप, स्टॅबिलायझर, मागं पट्ट्या, उजवीकडं एक पाटा. कशासाठी, तेही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते, गिऱ्हाईक पत्ता सांगताना ऐकत तसे.

"किती वेळ लागंल?"

मुनीर म्हणाला, दीड तास. जादा पाटा राहू दे, त्यानं घाटात अडणार नाही, तो मी माझ्या हातानं बसवलाय. बाकी सगळं पूर्ववत करतो. आण्णांनी घड्याळ बघितलं. मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा होता.

हळूहळू मला कळलं की सकाळी तिथं काय झालं होतं. आण्णांनी तिथं पोचल्यावर गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं की गाडी घाट उतरणार नाही. का, तर त्यांना ते सांगता येईना. मागून वऱ्हाडाची एसटी आली. आण्णा म्हणाले, नवरदेवाला एसटीत बसवा. आत्याबाईंनी ऐकलं नाही. त्यांच्या भावाचा मुलगा, आई नसलेला, त्यांनीच वाढवलेला. तो सासरच्या दारात एसटीतून उतरणार नाही, म्हणाल्या. शिवाय त्यांच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती. मग एसटी पुढं गेली, आणि हे तिघं थांबले. एवढा वेळ आत्याबाई आण्णांना बोलत होत्या. गाडी चालत नव्हती तर वर्दी घेतलीच कशाला, आमचं कार्य नासवायला आलात का, पुन्हा तुमच्या दारात कोण उभं राहील ते बघते. आण्णांनी हॉटेलातून आमच्या शेजाऱ्यांकडं फोन लावून आईला बोलावून घेतलं होतं आणि माझी चौकशी केली होती. आई म्हणाली, तो कधीच निघालाय, मुनीरला घेऊन. तेव्हा त्यांनी आत्याबाईंना सांगितलं की मेकॅनिक निघालाय.

मी आणि मुनीर गाडीखाली शिरलो. हॉटेलवाल्यानं एक जुनी सतरंजी दिली. पुढचा एक शॉकअप लगेच निघाला, दुसऱ्याचा नट हलेना, कारण शनिवारी मीच तो जिवाच्या आकांतानं आवळला होता. मुनीर त्याच्या बाजूनं पट्ट्या सोडवत होता आणि मला न बोलता हवा तो पाना पुढं करत होता. वरून झेंडूच्या पाकळ्या आमच्या अंगावर पडत होत्या.

आत्याबाई उठून गाडीपाशी आल्या. मला त्यांच्या जोडवी घातलेल्या पावलांखेरीज काही दिसत नव्हतं. त्यांनी आण्णांना विचारलं की शेवटी झालं तरी काय होतं गाडीला. आण्णा म्हणाले, "नट सैल झाला होता, ताई. जुनी गाडी आहे. चूक माझीच, निघताना बघायला पाहिजे होतं."

मी गाडीखालून बाहेर सरकलो. हात ग्रीसनं भरले होते. आत्याबाईंसमोर उभा राहिलो.

"नट सैल झाला नव्हता. मी सैल केला होता. काल ह्या गाडीनं मी शर्यत खेळलो, तिच्यासाठी. ह्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. काल रात्री जेवताना ह्यांनी मला विचारलं, आणि मी खोटं सांगितलं."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग आण्णांकडं. मला वाटलं आता त्या मला बोलतील आणि मला तेच हवं होतं. त्यांनी विचारलं, "आणि ह्यांनी गाडी थांबवली नसती, तर घाटात काय झालं असतं?"

मागं वळून त्यांनी बाकावरच्या करवलीकडं बघितलं. ती पोरगी द्रोणातली करवंदं खात होती आणि नवरदेव तिच्या परकराला डाग पडू नयेत म्हणून खाली रुमाल धरून बसला होता. आत्याबाई आण्णांपाशी गेल्या. हात जोडले नाहीत, काही नाही. हॉटेलवाल्याला म्हणाल्या, ह्यांना अजून एक चहा द्या आणि खायला काय असेल ते द्या, सकाळपासून ह्यांच्या पोटात काही नाही.

पावणेदहाला काम झालं. मुनीरनं गाडी पुढून दाबून बघितली, मागून दाबून बघितली. मग त्यानं दोन्ही जुने शॉकअप पोत्यात टाकले आणि मला म्हणाला की मी मोटरसायकल घेऊन परत जातो, तू ह्यांच्याबरोबर जा. त्याला मी काही बोलणार होतो, पण त्यानं हातानंच थांबवलं.

हॉटेलाच्या मागं पाण्याचं पिंप होतं. मी हात धुवायला गेलो. आण्णा मागोमाग आले आणि तांब्या घेऊन माझ्या हातांवर पाणी घालायला लागले. ग्रीस साबणानं निघत नव्हतं. मी राख घेतली. ते पाणी घालत राहिले.

"काल जेवताना का नाही बोललास?"

"भ्यालो."

तांब्या रिकामा झाला, त्यांनी परत भरून घेतला.

"मला फुलेवाडीच्या वळणालाच कळलं," ते म्हणाले. "पहिल्याच वळणाला. गाडी माझ्या हाताखाली अशी कधी कलली नव्हती. तिथंच उभी करायला पाहिजे होती. तरी कळ्याला गेलो. नवरदेवाला बसवलं, पोरीला बसवलं. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता थांबवावी. आणि वाटायचं, लोक काय म्हणतील. बावीस वर्षांत कुणाला अर्ध्यात सोडलं नाही मी. हळू चालवत पन्नास किलोमीटर आलो, उमा. मला पण तोंड उघडायला पन्नास किलोमीटर लागले."

मी वर बघितलं. तांब्यातलं पाणी माझ्या हातांवर न पडता बाजूलाच सांडत होतं. सकाळपासून ते स्टुलावर शांत बसलेले मला दिसले होते. ते शांत नव्हते.

"इथवर आलो, आणि खाली ते दरीतलं धुकं दिसलं," ते म्हणाले. "मागं ती पोरगी गाणं म्हणत होती. मग पाय आपोआपच ब्रेकवर गेला."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मला दिला. मी हात पुसले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या ओल्या हातावर ठेवली.

"तू चालव. माझ्यानं आत्ता होणार नाही."

आत्याबाई पुढच्या सीटवर बसल्या, गुडघे लांब करायला तिथं जागा होती. मागं एका कडेला नवरदेव, मध्ये करवली. आणि दुसऱ्या कडेला, खिडकीशी, आण्णा. त्या गाडीत मागं बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कुठं बसावं, हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं, पाहुण्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यासारखे ते सीटच्या काठावर बसले होते.

मी दगड काढले, गाडी सुरू केली आणि पहिल्या गिअरमध्ये हळूच उताराला लावली. पहिलं वळण डावीकडचं. ब्रेक दाबला, नाक जरासं खाली गेलं आणि परत जागेवर आलं. गाडी वळली, सरळ झाली. मी श्वास सोडला तो इतका मोठा की आत्याबाईंनी वळून बघितलं. दुसरं वळण उजवीकडचं. मागच्या जादा पाट्यामुळं गाडी किंचित ताठ गेली, बस, तेवढंच. तिसऱ्या वळणानंतर माझे खांदे खाली आले.

दरीतलं धुकं विरत चाललं होतं. खाली कोकणातली कौलं दिसायला लागली होती. करवलीनं परत गाणं सुरू केलं, नवरदेव तिला शब्द सांगत होता. वेळ भरपूर होता, पावणेअकराला आम्ही मांडवात पोचणार होतो. मी आरशात बघितलं.

आण्णा झोपले होते. डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं, तोंड थोडंसं उघडं, आणि हात आता मांडीवर सैल पडलेले. प्रत्येक वळणाला त्यांची मान हळूच एकीकडून दुसरीकडं जायची, पण जाग येत नव्हती. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर आत्याबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"झोपू दे त्यांना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू सावकाश चालव."